मेकॅनिक म्हणतोय इंजिन गेलं. खरंच गेलंय का?

प्रीतिसंगम_कराड
२९ जून, रात्री ९.४०

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय. अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात.

गाडी २०१४ ची, १२०० सीसी पेट्रोल, चार सिलेंडर. २०१९ मध्ये बाहेरून सीएनजी किट बसवलं, आरसीवर नोंद आहे. आजवर १ लाख ३८ हजार किलोमीटर. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दुसऱ्याच प्रतिसादापासून 'ही कंपनी की ती कंपनी' सुरू होतं.

मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढत होतो. दुपारचे अडीच, एसी चालू, गाडीत पाच जण आणि वर कुठेतरी ट्रेलर बंद पडलेला. पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास रखडलो. तापमानाचा काटा वर जाताना बायकोला दिसला, मला नाही. तिने सांगितल्यावर एसी बंद केला, पण गाडी थांबवली नाही. जागा नव्हती म्हणतो, पण खरं म्हणजे मागच्यांच्या हॉर्नची लाज वाटली. माथ्यावर पोचेपर्यंत काटा लाल पट्टीला टेकला होता. वेळ्याला हॉटेलसमोर उभी केली तर बॉनेटमधून वाफ. तासाभराने हॉटेलवाल्याच्या बोअरचं चार बाटल्या पाणी ओतलं आणि घरी आलो.

तेव्हापासून आठवड्याला पाव लिटर पाणी कमी होतंय, खाली एक थेंब दिसत नाही. सकाळी पहिल्यांदा चालू केली की मिनिटभर मिसिंग मारते, मागून पांढरा धूर, मग सुरळीत. ऑइलही खातेय, दोन हजार किलोमीटरला साधारण लिटरभर. चढाला जीव नाही.

आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने रेस करून धूर पाहिला, ऑइलचं झाकण काढून बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, इंजिन गेलं." त्याचे पर्याय दोन. पूर्ण इंजिनकाम ६० हजार, किंवा जुन्या बाजारातलं दुसरं इंजिन, बसवून ५५. कंपनीच्या वर्कशॉपने नव्याचा अंदाज दिलाय १ लाख ७० हजार. गाडी चालू स्थितीत विकली तर सव्वादोन लाखांच्या आसपास येतील, अशी या अवस्थेत लाखभर.

काय करावं?

पेठकर
२९ जून, रात्री १०.०५

विकावी. सव्वादोन लाखांच्या गाडीत पावणेदोन लाखांचं इंजिन म्हणजे म्हशीपेक्षा रेडकू मोठं. आणि पुढच्या वेळी काटा बघायचं काम कायमचं वहिनींकडेच द्या.

लेथमास्तर
२९ जून, रात्री १०.५०

प्रीतिसंगम साहेब, मी कोल्हापुरात उद्यमनगरात ३१ वर्षं लेथ आणि बोअरिंग मशीनवर काढली. आता पोरगं बघतंय. त्यामुळं 'इंजिन गेलं' हे वाक्य रोज चार वेळा ऐकल्यालं हाय.

इंजिन गेलं म्हणजे काय गेलं? रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या? हेड (सिलेंडरांवरचं झाकण) वाकलं? गॅस्केट (हेड आणि त्याखालच्या सिलेंडरच्या ब्लॉकमधली सीलपट्टी) उडालं? बेअरिंग धरलं? क्रँकला ओरखडा आला? ह्या पाची गोष्टींचा खर्च येगळा. दोन हजारांपासून लाखापर्यंत. पेशंटला नुसतं बघून 'माणूस गेला' म्हणणारा डॉक्टर तुम्हाला चालंल का?

धूर बघून सांगणं वाईट नाही, पण धूर कधी येतो ते विचारलं पाहिजे. म्हणून आधी माझी उत्तरं द्या:

१. निळा धूर (ऑइल जळतं तो) कधी? सकाळी पहिल्या स्टार्टला, चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावर, का घाट उतरून आल्यावर?
२. डिपस्टिक आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चहावरच्या सायीसारखं काही?
३. गार इंजिनला रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट केल्यावर पाण्यात बुडबुडे? (गरम असताना काढू नका, तोंड भाजंल.)
४. खालनं ठकठक आवाज हाय का? रेस केल्यावर वाढतो का?
५. चारी प्लग काढून रांगेत ठेवा आणि कसे दिसतात ते लिहा. कुठला कुठल्या सिलेंडरचा त्याची गल्लत करू नका.

इथेनॉल_विरोधक
३० जून, सकाळी ७.१५

कोणी मूळ कारण बोलणार आहे का? ई२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं! आमच्या २०१२ च्या गाडीचं ॲव्हरेज बसलं, पिकअप गेला. २०१४ च्या गाड्या ई२० साठी बनवलेल्याच नाहीत. सगळी इंजिनं अशीच जाणार आहेत.

लेथमास्तर
३० जून, सकाळी ७.४०

जुन्या गाडीत ई२० नं रबरी नळ्या, सील, पंप ह्यांना त्रास होतो, ॲव्हरेज थोडं पडतं, मान्य. पण ह्यांची गाडी बहुतेक वेळ गॅसवर चालते. आणि इथेनॉलनं कूलंट कमी होत नाही. खंबाटकीत काटा लाल झाला, त्यानंतर पाणी कमी व्हायला लागलं. चोर दारातच उभा हाय आणि तुम्ही गावभर हुडकताय.

प्रीतिसंगम_कराड
१ जुलै, रात्री ८.३०

लेथमास्तर, मनापासून आभार. आजची सकाळ त्यातच घातली.

निळा धूर: चढाला नाही. मागच्या आठवड्यात चिपळूणला गेलो होतो. कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरवर उतरवला, खाली सपाटीला पाय दिला तेव्हा मागच्या रिक्षावाल्याने हात करून थांबवलं. म्हणाला, निळा भपका आला. त्यानंतर नाही.

साय: डिपस्टिक स्वच्छ, तपकिरी. झाकणाच्या आत किंचित पिवळसर, नखावर येईल इतकी.

बुडबुडे: येतात. सोड्याच्या बाटलीसारखे बारीक, थांबून थांबून. बायको आरशातून बघून रेस करत होती आणि मी टॉर्च घेऊन वाकलेलो.

ठकठक: नाही.

प्लग: १ आणि ४ नेहमीसारखे, तपकिरी-राखाडी. २ थोडा काळा. ३ मात्र पांढराशुभ्र, वाफेने धुतल्यासारखा, जणू आत्ताच डब्यातून काढलाय.

नट_बोल्ट
१ जुलै, रात्री ९.१०

मी ऑटोमोबाईल इंजिनिअर, चाकणला नोकरी. मास्तरांनी अर्धं निदान केलंच आहे, थोडी भर घालतो.

तीन नंबरचा धुतलेला प्लग म्हणजे त्या सिलेंडरमध्ये पाणी जातंय. रात्री गाडी उभी असते, यंत्रणेत दाब असतो, पाणी झिरपून पिस्टनवर साचतं. सकाळी तो सिलेंडर जळायला मिनिटभर घेतो. तेच तुमचं मिसिंग आणि पांढरा धूर. बुडबुडे म्हणजे उलटा प्रवास, जळलेला वायू पाण्यात.

घाट उतरल्यावर निळा भपका म्हणजे बहुतेक व्हॉल्व्हचे सील कडक झालेत. ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इनटेकमध्ये निर्वात वाढतो आणि वरचं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून आत ओढलं जातं. रिंगा गेल्या असत्या तर चढाला, ताण असताना धूर सतत दिसला असता. म्हणजे तुमच्याकडे दोन आजार असू शकतात आणि दोन्ही इंजिनाच्या वरच्या मजल्यावरचे.

पण 'असू शकतात' वर साठ हजार खर्च करू नका. कॉम्प्रेशन गेज (सिलेंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावा. इंजिन गरम, चारी प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर पाच-सहा आवर्तनं फिरवा. निरोगी पेट्रोल इंजिनला साधारण १७० ते २०० पीएसआय येतं. आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा, १०-१५ टक्क्यांच्या वर नको. जो कमी येईल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चांगला वाढला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने तात्पुरती फट बुजली. फारसा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलेंडर सारखेच खाली असतील तर त्या दोघांमधली भिंत, म्हणजे हेड गॅस्केट.

लीकडाऊन (हवा भरून गळती शोधणं) करणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

वाशिष्ठीकाठ
१ जुलै, रात्री ११.२०

कुंभार्ली उतरून आमच्याकडे आलात आणि फोन नाही केलात, हे बरं नाही.

माझ्या दोन गाड्या भाड्याने चालतात, दोन्ही सीएनजी. अनुभवाने सांगतो, टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या टॅपेटमधली फट) बघायला सांगा. गॅस कोरडा जळतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू खाल्ली जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि क्लिअरन्स कमी होत होत शून्यावर येतो. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. कॉम्प्रेशन कमी, पिकअप नाही, आणि गॅरेजवाला रिंगा बदलून देतो! माझ्या पहिल्या गाडीचे ४२ हजार असेच गेले. रिंगा नवीन, रोग जुना. आता दर ३०-४० हजार किलोमीटरला क्लिअरन्स बघून घेतो.

आणि हो, सीएनजी टाकीची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) तीन वर्षांनी लागते. केलीत ना?

मीनल_ठाणे
२ जुलै, दुपारी १.३०

जुनं इंजिन बसवायचा विचार करत असाल तर माझं ऐका.

तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीत ऑइल संपलं. दिवा लागला होता, मी 'घरी जाऊन बघू' म्हटलं. घोडबंदर रोडवर इंजिन धरलं. पूर्ण जॅम. तिथे दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता, एक रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता. ओळखीच्या गॅरेजवाल्याने एका जुन्या स्पेअरपार्टच्या बाजारातून इंजिन आणलं. 'अपघातातल्या गाडीचं आहे, फक्त ४० हजार चाललंय,' असं सांगितलं. चाळीस हजार कशावरून? मीटर त्या गाडीबरोबर भंगारात गेलं. तरी इंजिन चाललं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. आठ महिन्यांनी मागून टेम्पोने ठोकलं. विम्याचा सर्व्हेअर आला, त्याने ब्लॉकवरचा इंजिन नंबर वाचला आणि आरसीशी ताडून बघितला. जुळेना. दावा लटकला. आरटीओत गेले तर त्या इंजिनाचं पक्कं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद मागितले. माझ्याकडे साध्या कागदावर 'इंजिन १ नग' एवढंच. चोरीच्या गाडीचं इंजिन नाही हे मीच सिद्ध करायचं!

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचून ठेवा. इंजिन बदललं की चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवीन नंबर चढवून घ्यायचा असतो. गॅरेजवाला हे कधीच सांगत नाही, कारण आरसी त्याच्या नावावर नसते.

पेठकर
२ जुलै, दुपारी २.००

म्हणजे माझा सल्ला अजून उभा आहे. विकावी.

मीनल_ठाणे
२ जुलै, दुपारी २.१०

पेठकर, विकून त्या लाखात काय येतं? दुसऱ्या कोणीतरी खंबाटकीत उकळलेली गाडी. निदान हिचा आजार आपल्याला माहीत आहे.

मिशिगनकर
३ जुलै, सकाळी ६.५०

मूळचा सांगलीचा, आता डेट्रॉइटजवळ. इथे हेड उतरवायची वेळ आली की बरेच लोक सरळ वापरलेलं किंवा रिबिल्ट इंजिन वॉरंटीसह टाकतात, कारण गॅरेजची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर. कामाचे तास वाढले की पार्ट फुकट मिळाला तरी परवडत नाही. तुमच्याकडे गणित उलटं आहे. मजुरी स्वस्त, लेथवाले हातचे, पार्ट महाग. त्यामुळे तिकडच्या व्हिडिओंमध्ये 'डोन्ट रिपेअर, रिप्लेस' ऐकलं की कराडमध्ये तसंच करायला जाऊ नका. उद्यमनगरसारखी जागा इथे शोधून सापडत नाही.

प्रीतिसंगम_कराड
५ जुलै, रात्री ९.००

आकडे आले. दुसऱ्या गॅरेजमध्ये केले, साडेसहाशे रुपये घेतले. पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेज होतं, पण 'त्याची काय गरज' म्हणाला.

सिलेंडर १: १७८
सिलेंडर २: १२०
सिलेंडर ३: १२२
सिलेंडर ४: १७५

ऑइल टाकून २ चे १२६ आणि ३ चे १२५ झाले. बस.

नट_बोल्ट
५ जुलै, रात्री ९.०८

पुस्तकातलं उदाहरण! दोन आणि तीनच्या मध्ये गॅस्केट जळलंय, हवा एकमेकांच्या घरात जातेय. रिंगा ठीक दिसतात, १ आणि ४ तर उत्तम. साठ हजारांचं काम करू नका. हेड उतरवा.

लेथमास्तर
५ जुलै, रात्री ९.४५

थांबा, एवढा जल्लोष नको. हेड उतरल्यावर तीन गोष्टी दिसतील आणि त्यावर पुढचं ठरंल.

पहिली, हेडचा तळ. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की केळीसारखं वाकतं. सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सारायचं. ०.०५ मिलिमीटरची पात खालनं गेली तर फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट, करावं लागतं. किती काढता येतं त्याला कंपनीची मर्यादा असते. जास्त काढलं तर कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोकायला लागतं. आणि फेसिंगआधी हेडला दाबाची टेस्ट करून घ्या. व्हॉल्व्हच्या दोन सीटांच्या मधे बारीक चीर पडती, डोळ्याला दिसत नाही. चीर निघाली तर हेडच बदला, वेल्डिंगवाल्याच्या नादाला लागू नका. मी स्वतः वेल्डिंग करून दिल्यालं हाय, आणि त्यातली निम्मी परत आल्याली हायेत.

दुसरी, ब्लॉकचा वरचा भाग. लोक हेड घासतात आणि ब्लॉककडं बघतबी नाहीत. वाकलेली पाटी वाकड्या पाट्यावर ठेवून काय उपयोग?

तिसरी, बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली पोकळी. भिंतीवर तिरक्या रेषांची जाळी अजून दिसती का बघा. ती होनिंगची (बोअर आतनं घासल्याची) खूण, ऑइल धरून ठेवायला असती. मग नख वरनं खाली फिरवा. वरच्या रिंगेच्या जागेवर पायरी लागली, नख अडलं, तर बोअर झिजलंय. जाळी दिसतीय आणि नख अडत नाही, तर खालच्या मजल्याला हात लावू नका. चालत्या रिंगा काढून नव्या घालायच्या नसतात. त्या बोअरशी त्यांचा संसार जमलेला असतो.

उभा ओरखडा असला तर मात्र मला कळवा. मग बोअर ०.२५ नं का ०.५० नं मोठं करायचं, त्या मापाचा पिस्टन कंपनी देती का नाही, स्लीव्ह बसतं का, हे सगळं येतं. काही नव्या इंजिनांना मोठ्या मापाचा पिस्टन मिळतच नाही. तिथं 'इंजिन बदला' हा सल्ला खरा ठरतो. ब्लॉक फुटला, मीनलताईंसारखा रॉड बाहेर आला, क्रँक शेवटच्या मापाच्या पुढं खाल्ला गेला, तरीबी खरा ठरतो.

हेडचे बोल्ट नवीनच घ्या. बऱ्याच गाड्यांत ते एकदा ताणले की परत वापरायचे नसतात. आवळायचे मधनं बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं. 'हाताला अंदाज आहे' म्हणणाऱ्याला हात जोडून नमस्कार करा आणि निघा.

प्रीतिसंगम_कराड
१० जुलै, रात्री १०.३०

काल हेड उतरवलं. मी दिवसभर स्टुलावर बसून होतो, मेकॅनिकला बहुधा नकोसा झालो असेन.

गॅस्केट हातात घेतलं तर दोन आणि तीनच्या मधली अरुंद पट्टी, जेमतेम करंगळीएवढी, काळी पडून खाल्लेली. तिथून बाजूच्या पाण्याच्या भोकापर्यंत एक तपकिरी ओघळ, ओल उतरलेल्या भिंतीवर असतो तसा. तीन नंबरच्या पिस्टनचा माथा अर्धा स्वच्छ चकचकीत, अर्धा काळा. बाकी तिन्ही डांबरासारखे.

जाळी चारी बोअरमध्ये दिसते. मास्तर, नख फिरवलं. अडलं नाही. दोनदा खात्री केली.

हेडखालून ०.१२ ची पात गेली. ब्लॉक सरळ आहे. हेड बसस्टँडमागच्या एका लेथवर दिलं. त्यांनी दाबाची टेस्ट केली, चीर नाही. दोन एक्झॉस्ट सीट खाल्लेल्या निघाल्या (वाशिष्ठीकाठ, साष्टांग दंडवत), त्या कापून व्हॉल्व्ह बसवताहेत. व्हॉल्व्ह सील काढले तर प्लॅस्टिकसारखे कडक, बोटात धरून मोडले.

पण खरी गंमत पुढे आहे. मेकॅनिक म्हणाला, 'साहेब, हे का झालं ते बघितल्याशिवाय मी हेड चढवणार नाही.' पंख्याची मोटर थेट बॅटरीला जोडली तर फिरली, पण आळसावलेली, हाताने थांबेल अशी. रेडिएटर उलटा करून पाणी सोडलं तर एका बाजूने धार आणि दुसऱ्या बाजूने थेंब. आत पांढरा खडा बसलाय, आमच्या बाथरूमच्या गिझरसारखा. गेली पाच वर्षं मीच बागेतल्या नळीने बोअरचं पाणी टॉप अप करत होतो. कूलंट महाग म्हणून.

लेथमास्तर
१० जुलै, रात्री १०.५५

हा मेकॅनिक सोडू नका.

५५ हजार देऊन दुसरं इंजिन ह्याच रेडिएटरवर, ह्याच पंख्यावर बसलं असतं. पुढच्या मे महिन्यात खंबाटकीत तेबी उकळलं असतं. आणि तुम्ही इथं येऊन म्हणाला असता, जुनी इंजिनं बेकार.

इथेनॉल_विरोधक
११ जुलै, सकाळी ८.००

पाणी ठीक आहे, पण ई२० मुळे तापमान वाढतं हे कोणी नाकारू शकत नाही.

नट_बोल्ट
११ जुलै, सकाळी ८.२०

नाकारतो. रेडिएटर अर्धा दगडाने भरलाय, त्याला दोष द्या. ई२० साठी वेगळा धागा काढा, तिथे मनसोक्त भांडू.

दुसरा_गिअर
११ जुलै, सकाळी ११.४५

एक शंका. विम्यातून यातलं काही मिळत नाही का? इंजिन प्रोटेक्ट (इंजिनासाठीचं जादा विमासंरक्षण) घेतलेलं असेल तर?

मीनल_ठाणे
११ जुलै, दुपारी १२.१०

साध्या विम्यात यांत्रिक बिघाड येत नाही. इंजिन प्रोटेक्ट मुख्यतः पुराच्या पाण्यात इंजिन बंद पडणं, ऑइल गळून नुकसान होणं अशांसाठी असतं. काटा लाल असताना गाडी रेटली हे सर्व्हेअरला सांगून बघा काय होतं ते.

प्रीतिसंगम_कराड
१९ जुलै, रात्री ९.१५

गाडी घरी आली. हिशेब लिहितो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

लेथवरचं हेडचं काम ३,६००. गॅस्केट सेट (सील त्यातच), हेडचे बोल्ट आणि दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ५,९००. रेडिएटर, पंख्याची मोटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि कूलंट १०,३००. ऑइल-फिल्टर २,२००. मजुरी ७,५००. एकूण २९,५००.

म्हणजे गॅस्केट आणि हेडपेक्षा पाण्याच्या यंत्रणेवर जास्त गेले. पाच वर्षांत कूलंटचे फार तर तीन हजार वाचवले असतील.

काल मुद्दाम कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्लीच्या माथ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. पावसाची झोड होती, त्यामुळे तापण्याची परीक्षा झाली असं म्हणवत नाही. पण सकाळी पहिल्याच स्टार्टला मिसिंग नाही. कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं: १८२, १७९, १८१, १८०.

विस्तार टाकीवर पातळीची रेघ मारलीय, बायकोच्या लाल नेलपॉलिशने. तेव्हापासून पाणी रेघेवर आहे. रोज सकाळी चहाआधी बघतो.

पेठकर
१९ जुलै, रात्री ९.४०

अभिनंदन. तरी हिशेब पुरा करतो. अकरा वर्षं झालेली गाडी. चार वर्षांनी पंधरा होतील, मग फेरनोंदणी, पर्यावरण कर. तोवर क्लच, सस्पेन्शन, टायर. तीस हजार वाचवले नाहीत, पुढच्या खर्चाचा हप्ता भरलात.

प्रीतिसंगम_कराड
१९ जुलै, रात्री ९.५२

बरोबर आहे तुमचं. क्लच आत्ताच जड लागतोय. वर्षाला पंचवीस-तीस हजार देखभाल धरलीय आणि तीन वर्षांनी सोडायची असं घरात ठरलंय. नव्या गाडीचा हप्ता महिन्याला बारा हजार पडत होता. मुलीचं बारावीचं वर्ष आहे, त्यात ते झेपलं नसतं. ब्लॉक फुटला असता तर तुमचंच ऐकलं असतं.

लेथमास्तर
१९ जुलै, रात्री १०.२०

ऑइल किती खातेय ते लिहून ठेवा. हजार किलोमीटरला डिपस्टिक बघा, गाडी सपाटीला, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. सील बदलल्यात तर खाणं कमी व्हायला पाहिजे. पाच हजार किलोमीटरनं आकडा सांगा.

कोथरूड_डायरी
२० जुलै, सकाळी १०.०५

धागा वाचून घाबरले. माझ्या गाडीचंही पाणी थोडं थोडं कमी होतं. खाली गळत नाही, धूर नाही, मिसिंग नाही. गॅरेजवाला म्हणतो हेड उतरवावं लागेल. काय करू?

लेथमास्तर
२० जुलै, सकाळी १०.३०

ताई, रेडिएटरचं झाकण बदला. तीनशे रुपये. त्याचं रबर गेलं की पाणी वाफ होऊन हळूहळू उडतं. आठ दिवस बघा, तरीबी कमी झालं तर नवीन धागा काढा. प्लगचे फोटो टाका.